घरातल्या घरात वेगळे राहताना: तब्येत आणि माणसे कशी सांभाळावीत

एप्रिल २०२१ मध्ये पुण्यातल्या आमच्या कोथरूडच्या घरात मी एका खोलीत कोविडने आजारी होऊन बंद होते आणि दाराबाहेर एक प्लास्टिकचे स्टूल ठेवलेले होते. सकाळी साडेसातला त्यावर चहाचा पेला येई. यजमान दोनदा टकटक करून चार पावले मागे सरत, मग मी मास्क लावून दार उघडत असे आणि पेला आत घेत असे. पहिल्या तीन दिवसांत मात्र पुरता गोंधळ उडाला होता, कारण कोणी काय करायचे हे ठरलेलेच नव्हते. माझ्या औषधाचा निरोप दोन नातेवाइकांना गेला आणि तीच गोळी दोनदा आली, पण सासूबाईंची रक्तदाबाची गोळी संपत आल्याचे कोणाच्याच ध्यानात आले नाही. चौथ्या दिवशी फोनवर बसून कागदावर कामे वाटून घेतली, तेव्हा कुठे घर ताळ्यावर आले.

विलगीकरण म्हटले की आपण खोली, मास्क आणि औषधे यांची जुळवाजुळव करतो. माझ्या अनुभवाने त्याच्या आधी माणसांची जुळवाजुळव करावी लागते. दाराबाहेर नेमके कोण आहे, ते केव्हा येणार आहे आणि त्याला काय सांगायचे आहे हे पक्के असेल, तर आतल्या माणसाचा ताप, भूक आणि मन या तिन्ही गोष्टी पुष्कळ सोप्या होतात. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

दोन शब्द आणि दिवसांचा हिशेब

अलगीकरण आणि विलगीकरण हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत फरक आहे. जो आजारी नाही, परंतु आजारी माणसाच्या संपर्कात आला आहे, त्याला वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण, ज्याला आपण क्वारंटाइन म्हणतो. ज्याला आजार झालेला आहे त्याला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. पहिल्यात वाट पाहायची असते, दुसऱ्यात उपचार आणि देखरेख असते. एकाच घरात एक जण विलगीकरणात आणि बाकीचे अलगीकरणात अशी स्थिती असेल, तर दोघांनाही बाहेर जाता येत नाही. ही गोष्ट पहिल्या दिवशी लक्षात येत नाही आणि दुसऱ्या दिवशी दूध संपते.

किती दिवस राहायचे हे रोगाच्या अधिशयन काळावर, म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळावर ठरते. फ्लूमध्ये हा काळ साधारण १ ते ४ दिवसांचा असतो. कोविडच्या सुरुवातीच्या प्रकारांत तो १४ दिवसांपर्यंत धरला जाई, म्हणून २०२० मध्ये संपर्कातल्या व्यक्तींना १४ दिवस घरी बसावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये सौम्य आजाराच्या रुग्णांसाठी केंद्राने गृह विलगीकरणाचा काळ ७ दिवसांवर आणला, अट एवढीच की शेवटचे सलग ३ दिवस ताप नसावा. म्हणून मागच्या साथीचा आकडा पुढच्या साथीला लावू नये आणि त्या त्या वेळी आरोग्य विभाग जे सांगेल ते दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

पुण्याला हा विषय नवा नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सोजीर घरोघरी शिरून झडत्या घेत आणि आजाऱ्यांना उचलून छावण्यांत नेत, त्यामुळे लोक घरातला आजार लपवू लागले. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण पुण्यातच सापडले. त्यानंतरच्या काही महिन्यांत आमच्या भागातल्या एका सोसायटीत आजाऱ्यांचे फ्लॅट क्रमांक सगळ्यांच्या ग्रुपवर टाकले गेले, त्या घरांचे दूध बंद झाले, आणि पुढच्या आठवड्यात दोन घरांनी तपासणीच करून घेतली नाही. वेगळे ठेवलेल्या माणसाला वाळीत टाकल्यासारखे वाटले की तो आजार लपवतो, हे सव्वाशे वर्षांपूर्वी होते तसेच आजही आहे.

दार लावण्याआधीचा एक तास

अहवाल हातात आला की लगेच खोलीत जाऊन पडू नये. मास्क लावून, खिडकीजवळ बसून, एक तास फोनवर घालवावा आणि चार माणसे नेमावीत. एकच माणूस दोन कामे करू शकतो, पण प्रत्येक कामापुढे नाव असले पाहिजे.

पहिला माणूस घरातला, जो स्टुलावर ताट ठेवील आणि रिकामे ताट नेईल. तो शक्यतो तरुण, लस घेतलेला आणि मधुमेह किंवा दम्यासारखा आजार नसलेला असावा. दुसरा माणूस घराबाहेरचा, म्हणजे शेजारी किंवा जवळ राहणारा भाचा-पुतण्या, जो भाजी, दूध आणि औषधे दारात ठेवील. तिसरा माणूस डॉक्टरांशी बोलणारा. डॉक्टरांना घरातल्या पाच जणांनी पाच वेळा फोन केला तर कोणालाच नीट उत्तर मिळत नाही. चौथा माणूस नातेवाइकांना खबर देणारा. या चौथ्या माणसाचे महत्त्व लोकांना पटत नाही, पण आजारी माणसाला दिवसाला वीस फोन येतात आणि प्रत्येकाला तीच हकिकत सांगताना त्याचा खोकला वाढतो. आमच्याकडे नणंदेने हे काम घेतले. ती सकाळी नऊ आणि रात्री आठ वाजता कुटुंबाच्या ग्रुपवर चार ओळी टाकत असे: ताप किती, ऑक्सिजन किती, जेवली का, आज बोलायला बरे वाटते आहे का. शेवटच्या ओळीचा फार उपयोग झाला, कारण त्यावरून कोणी फोन करायचा आणि कोणी उद्यावर ठेवायचा हे आपोआप ठरू लागले.

एकट्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि नोकरदारांनी, विशेषतः कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीत एक खाट घेऊन राहणाऱ्यांनी, ही चार नावे आजारी पडण्याआधीच लिहून ठेवावीत. घरमालक, खोलीतला साथीदार, मेसच्या काकू आणि गावाकडचा एक जण, एवढे पुरते. मेसच्या काकूंना आधी सांगितले, तर डबा दाराच्या कडीला अडकवून जाण्याची सोय बहुतेक वेळा होते.

याच तासात आणखी दोन कामे उरकावीत. नेहमीची औषधे, म्हणजे रक्तदाब, साखर, थायरॉइड यांच्या गोळ्या, किमान पंधरा दिवसांच्या आहेत का ते पाहावे. आणि घरकाम करणाऱ्या मावशींना फोन करून येऊ नका म्हणताना पगार चालू राहील हेही त्याच वाक्यात सांगावे. त्यांचे पैसे कापून आपण सुरक्षित राहिलो, तर साथीचा भार फक्त एका घरातून दुसऱ्या घरात सरकतो.

खोली आणि हवा

श्वासावाटे पसरणाऱ्या आजारात हवा खेळती ठेवणे हे फरशी पुसण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. खोलीची बाहेरची खिडकी उघडी ठेवावी, आतले दार बंद ठेवावे आणि दाराखालच्या फटीला टॉवेल लावावा. टेबलफॅन असेल तर त्याचे तोंड खिडकीबाहेर करावे, म्हणजे खोलीतली हवा घरात न येता बाहेर जाते. संडास-बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा सुरू ठेवावा. एसी तीच हवा पुन्हा फिरवतो, म्हणून खिडकी बंद करून एसी लावू नये. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी खिडकी उघडी ठेवणे अवघड जाते. अशा वेळी दुपारी पडदा ओला करून खिडकी थोडी किलकिली ठेवावी आणि पहाटे व रात्री ती सताड उघडावी.

बाथरूम एकच असेल तर आजारी माणसाने सर्वांच्या शेवटी ते वापरावे, झाकण लावून फ्लश करावा, नळ आणि कडी साबणाच्या पाण्याने पुसावी, आणि पुढच्याने अर्धा-पाऊण तास थांबून, मास्क लावून आत जावे. स्वच्छतेच्या भरात ब्लीच आणि संडास साफ करायचे ऍसिड कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो.

वेगळी खोली आणि वेगळे बाथरूम ही बहुतेक मार्गदर्शक सूचनांमधली पहिली अट असते, परंतु पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत किंवा पेठेतल्या वाड्याच्या दोन खोल्यांत ती पूर्ण होत नाही. तिथे काय करावे? आजारी माणसाची वळकटी खिडकीच्या किंवा दाराच्या अगदी जवळ टाकावी आणि बाकीच्यांनी विरुद्ध कोपऱ्यात, पायांकडे डोके करून झोपावे. मध्ये दोरीवर चादर टांगली तर आपली बाजू कोणती हे सर्वांच्या ध्यानात राहते, मात्र तिने हवेची वाट अडता कामा नये. घरात असेपर्यंत सर्वांनीच मास्क लावावा आणि जेवणे वेगवेगळ्या वेळी करावीत. सार्वजनिक संडासाला जाताना एन-९५ लावावा आणि गर्दीची वेळ टाळावी. झडप असलेला एन-९५ आजारी माणसाने वापरू नये, कारण झडपेतून त्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो. घरात गर्भवती, सत्तरीचे आजोबा किंवा डायलिसिसवर असलेले कोणी असेल आणि जागा खरोखरच नसेल, तर त्या वेळी महापालिकेचे विलगीकरण केंद्र सुरू असल्यास तिथे जाण्यात कमीपणा मानू नये.

वही

एक शंभर पानी वही आणि पेन खोलीत न्यावे. दिवसातून तीनदा वेळ घालून ताप, नाडी, ऑक्सिजन आणि श्वासांची संख्या लिहावी. आजारी माणसाची आठवण तापात दगा देते आणि डॉक्टरांना "काल जरा बरे होते" या वाक्याचा काही उपयोग नसतो.

ऑक्सिमीटर लावताना घाई करू नये. पाच मिनिटे शांत बसावे, बोटावर नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर दुसरे बोट निवडावे, हात थंड असतील तर चोळून गरम करावेत, हात छातीच्या उंचीला टेकवावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत अर्धे-एक मिनिट थांबावे. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवते, म्हणून एकट्या आकड्यापेक्षा तो दिवसागणिक घसरतो आहे का, हे पाहावे. बसून आकडा ९४ किंवा अधिक असेल आणि धाप नसेल, तर ६ मिनिटे खोलीत सपाट फरशीवर नेहमीच्या चालीने चालून पुन्हा मोजावे. साठीच्या पुढच्यांनी ३ मिनिटे चालले तरी चालते. चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा ३ पेक्षा जास्त उतरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. दम्याच्या रुग्णांनी आणि बसल्या जागीच धाप लागणाऱ्यांनी ही चाचणी करू नये.

श्वास मोजणे सोपे आहे: पोटावर हात ठेवून एका मिनिटात ते किती वेळा वर आले ते मोजावे. शांत बसलेल्या प्रौढ माणसात ही संख्या साधारण १२ ते २० असते. ती २४ च्या वर गेली, बसून ऑक्सिजन ९३ किंवा त्याखाली आला, छातीत दाब वाटला, ओठ निळसर दिसले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा हाक मारूनही नीट जागा होत नसेल, तर रात्र सरण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. ही लक्षणे स्टुलापाशी येणाऱ्या माणसालाही पाठ असावीत, कारण ऑक्सिजन उतरू लागला की आतल्या माणसाला ते कळतेच असे नाही.

जेवण, औषधे आणि काढा

ताप असताना मऊ भात, मुगाचे वरण, तूप, ताक हे आपले जुने पथ्य उत्तमच आहे, पण त्यात प्रथिने कमी पडतात. ताप उतरला की उसळ, अंडी, पनीर, भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे रोज ताटात यावेत. वास आणि चव गेली असेल तर जेवण ही शिक्षा वाटते. तेव्हा लिंबू, आले, कोथिंबिरीची चटणी असे तिखट-आंबट थोडे थोडे दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. वास गेलेल्या माणसाला नासलेले अन्न किंवा गॅसची गळती कळत नाही, हे स्वयंपाकघरात परतल्यावरही काही आठवडे ध्यानात ठेवावे.

तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्यावी. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा पोटात जाऊन यकृताला इजा होऊ शकते. विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. स्टेरॉइडबद्दल कळकळीने सांगते: कोणाच्या जुन्या चिठ्ठीवरून ती घेऊ नयेत. २०२१ मध्ये आपल्या राज्यात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण वाढले, त्यांत मधुमेह आणि स्टेरॉइड असा मेळ पुष्कळ ठिकाणी होता.

काढा घशाला बरा वाटतो, त्याने विषाणू मरत नाही. दिवसाला एक कप ठीक आहे, पण चार-पाच वेळा मिरी-दालचिनी उकळून प्यायलात तर पोटात जळजळ ठरलेली. वाफेचेही तसेच. नाक मोकळे व्हायला ती घ्यावी, परंतु उकळते पातेले मांडीशी घेऊन घेऊ नये आणि लहान मुलांना तर मुळीच देऊ नये, भाजण्याचे अपघात त्यातूनच होतात.

हालचाल आणि झोप

ताप असेपर्यंत व्यायाम नको. तरीही दर तासाला उठून खोलीत दोन चकरा माराव्यात आणि पलंगावर पडल्या पडल्या पावले वर-खाली हलवावीत, म्हणजे पायांच्या शिरांत रक्त साकळत नाही. जे आजारी नसून केवळ अलगीकरणात आहेत त्यांनी रोज अर्धा तास घाम येईल असे काही तरी करावे, मग ते बारा सूर्यनमस्कार असोत की गॅलरीतल्या फेऱ्या. सकाळी उठून अंघोळ करून कपडे बदलावेत, दिवसा पलंगावर बसून जेवू नये आणि रात्री झोपेच्या तासभर आधी बातम्या बंद कराव्यात. बातम्या दिवसातून दोनदा पाहणे पुरते.

फोनवरची माणसे

"कसं वाटतंय?" या प्रश्नाला आजारी माणसाकडे चौथ्या दिवसानंतर नवीन उत्तर नसते. फोन करणाऱ्याने आपल्याबरोबर काही तरी न्यावे. माझी एक मैत्रीण रोज संध्याकाळी सहाला फोन करून पेपरातले शब्दकोडे वाचून दाखवत असे. उभे शब्द ती सोडवी, आडवे मी. वीस मिनिटांत आजाराचा विषय निघतही नसे आणि त्या वीस मिनिटांसाठी मी पाच वाजल्यापासून उठून केस विंचरून बसत असे. भेंड्या, लोणच्याचे प्रमाण विचारणे, नातवाचे पाढे म्हणून घेणे, जुन्या फोटोतल्या माणसांची नावे लावणे, काहीही चालते, फक्त वेळ ठरलेली असावी. आजारी माणसालाही एखादे काम द्यावे, उदाहरणार्थ मुलांचा गृहपाठ फोनवर तपासणे किंवा वीजबिल भरणे. आपली घरात गरज आहे हे त्याला त्यातून कळते.

ज्येष्ठांच्या बाबतीत थोडी जास्त तयारी लागते. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना मास्कआडून बोललेले समजत नाही, म्हणून जवळच्या खोलीतूनही व्हिडिओ कॉल करून चेहरा दाखवत बोलावे. स्मार्टफोन जमत नसेल तर साध्या फोनवर चार क्रमांक स्पीड डायलला लावून ते मोठ्या अक्षरांत भिंतीवर चिकटवावेत. सासूबाईंना मी दिसत नव्हते याचा त्रास माझ्या आजारापेक्षा जास्त झाला. मग रोज दुपारी त्या त्यांच्या गॅलरीत आणि मी माझ्या खिडकीत, मधे पंधरा फूट अंतर, अशा आम्ही बसू लागलो. त्या वाटाणे सोलत आणि मी बघत बसे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे आणि एकाकीपणा, भीती, झोप न लागणे, मरणाचे विचार अशा कोणत्याही मानसिक त्रासासाठी टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. कोंडलेल्या घरात मारहाण होत असेल तर ११२ किंवा महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. अशा घरातल्या बाईला फोनवर मोकळे बोलता येत नाही, म्हणून शेजारणीने आधीच एखादा सांकेतिक शब्द ठरवून द्यावा.

लहान मुलांना खोटे सांगू नये. "आई गावाला गेली" म्हटले आणि दाराआडून आईचा खोकला ऐकू आला की मूल जास्त घाबरते. पाच वर्षे किंवा त्याहून लहान मुलांना मास्क सक्तीने लावू नये. अंगावर पाजणाऱ्या आईने कोविड असतानाही हात धुऊन, मास्क लावून पाजत राहावे.

आणि घरातली बाई आजारी पडते तेव्हा काय होते, ते बहुतेक घरांनी पाहिले आहे. ती दाराआडून कुकरच्या शिट्ट्या मोजत असते आणि तिसऱ्या दिवशी मास्क लावून ओट्याशी उभी राहते. हे थांबवायचे असेल तर तिला "आराम कर" म्हणणे पुरत नाही. डाळीचा डबा कुठे, पाणी केव्हा येते, गॅसचा नंबर कसा लावायचा, हे सारे पहिल्याच तासात तिच्याकडून लिहून घ्यावे आणि पुढे विचारू नये. वरण खारट झाले तरी चालेल.

कचरा आणि शेवटचा दिवस

वापरलेले मास्क आणि टिश्यू कागदी पिशवीत ७२ तास वेगळे ठेवावेत, मास्कच्या नाड्या कापाव्यात आणि नंतर ते कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. सॅनिटरी कचऱ्यावर असा ठिपका काढण्याची पद्धत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंमुळे पुण्यात बऱ्याच घरांना माहीत आहे. गच्च बांधलेली पुडी उघड्या हातांनी सोडवायची पाळी त्यांच्यावर येऊ नये.

मुदत संपली आणि ताप नाही अशी खात्री झाली की चादरी, उशांचे अभ्रे साध्या साबणाने धुऊन उन्हात घालावेत आणि खोली दोन-तीन तास उघडी टाकावी. जिना चढताना धाप लागणे, दुपारी गळून जाणे हे काही आठवडे राहू शकते, म्हणून पहिल्या आठवड्यात सपाटीवर दहा मिनिटे चालावे, मग थोडे थोडे वाढवावे. पर्वती किंवा तळजाईची टेकडी महिन्याभराने. छातीत दुखले, चक्कर आली किंवा खोकला तीन आठवड्यांपुढे राहिला तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे, आणि जाताना वही बरोबर न्यावी.

आमची ती वही अजून कपाटात आहे. शेवटच्या पानावर ताप आणि ऑक्सिजनच्या रकान्यांखाली चार नावे आणि चार फोन क्रमांक आहेत. पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावरचे जोडपे आजारी पडले, तेव्हा त्या पानाचा फोटो काढून मी त्यांना पाठवला आणि स्टूल त्यांच्या दारात नेऊन ठेवले.